लूमशिवाय झोप

पाच दिवसांच्या डोंगरवाटेसाठी रूपाने सॅक भरली, तेव्हा तळाशी थोडी जागा रिकामी ठेवली. ती मितेशच्या पॉवर बँकेसाठी होती.

मितेश तिचा आत्तेभाऊ. कामतघरला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला लागून असलेल्या चाळीत वाढलेला. लूमची खडखड कानावर नसली की त्याचा डोळाच लागत नसे. म्हणून गेल्या वर्षी याच वाटेवर येताना त्याने ती मोबाइलमध्ये भरून आणली आणि चारही रात्री तंबूत वाजवली. रूपा पडघ्याच्या शेतावरची. तिला शांततेची सवय. तिने रोज विनवलं, "मितेश, बंद कर ना." तो हसायचा, "अगं, अंगाई हाय ती!"

पाचव्या दिवशी चालता चालता तिचा डोळा लागला आणि ती घसरली. वाट दाखवणाऱ्या दाजींनी तिला जीपमधून परत धाडलं. शेवटचा किल्ला राहिला. वर मितेशने साऱ्या नात्यात तिचं नाव पाडलं, झोपाळू. वर्षभर लग्नाबारशात ती ते ऐकत राहिली.

यंदा पडघ्याच्या स्टँडवर मितेश वडापाव आणायला गेला, तेवढ्यात तिने त्याच्या सॅकमधून पॉवर बँक काढून घेतली. पहिल्याच रात्री त्याचा फोन बंद पडला. मितेशने सॅक चाचपली आणि तो तसाच आडवा झाला.

दाजी रोज संध्याकाळी सांगत, "ओले मोजे काढा. पाय पुसा. डोकं चढाकडे, पाय उताराकडे. अंगाखाली जाड काहीतरी घाला, थंडी जमिनीतून येते." रूपाने सगळं मन लावून केलं. शेजारी मितेश कूस बदलत होता. ते ऐकत ती रोज गाढ झोपली.

पाचव्या सकाळी मितेशने उजवा बूट डाव्या पायात घातला. दाजींनी त्याचे लाल डोळे पाहिले.

"किती रात्री झोपला नाहीस?"

"चार."

"मग किल्ल्याच्या कातळावर चढायचं नाही. जीप येतेय."

रूपा मुद्दाम जीपपर्यंत गेली. हे वाक्य तिने वर्षभर जपलं होतं.

"जा, झोपाळू. आवाज हवा व्हता ना? बँक माझ्या सॅकात हाय."

"माहितीये." मितेश सीटवर टेकला. "स्टँडवर तू माझ्या सॅकची चेन उघडीच टाकलीस."

रूपाचा चेहरा उतरला. "मग मागितली का न्हाईस?"

"मागितली असती तर दिली असतीस?"

"न्हाय."

"तूही गेल्या साली रोज विनवत व्हतीस. मी कुठं खडखड बंद केली?" त्याने डोळे मिटले. जीपचं इंजिन खडखडत सुरू झालं आणि वळणावर पोचेपर्यंत त्याची मान कलली, तोंड उघडं पडलं.

रूपा वळली. कातळाच्या तोंडाशी दाजी वाट बघत होते.

"झोप झाली ना नीट?"

"झाली," ती म्हणाली, आणि पहिल्या खोबणीत बूट रोवला. "पण दाजी, पुढच्या साली त्याला आनू नका. न्हायतर मी पुन्हा त्याची पॉवर बँक काढून घेईन."