आधी पाणी

“दारात आलेल्याला आधी पाणी द्यावं, शरू. कामाचं मग विचारावं.”

कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडणाऱ्या दाबयंत्रापाशी उभ्या शरदिनीला आईचे शब्द आठवले. आज त्या शब्दांचीच परीक्षा होती.

गंगेकाठी मंगला गौरीच्या गल्लीतल्या मुलींच्या शाळेची एक खोली पाडली होती. मलबा खेचरांवर लादून गंगेत लोटायचं चाललं होतं. शरदिनी रोज पहाटे नेमानं स्नान करी, त्याच गंगेत. “एक तुकडा नदीत जाऊ देणार नाही. त्याचंच अंगण घालून देईन,” असा शब्द तिनं मुख्याध्यापिका विद्युल्लताबाईंना दिला. पण तो मलबा फोडून केलेल्या गिट्टीच्या काँक्रीटचे पहिले ठोकळे एकोणतीस टनांतच फुटले. हवे होते पंचेचाळीस.

“मलबा तो मलबाच, ताई,” यंत्र चालवणारा नरहर तेव्हा म्हणाला. “मिस्त्री पाणी ओतून थकला, सिमेंटचा मसाला सुकाच.”

तिथंच तिला उमगलं. जुना मसाला चिकटलेली गिट्टी तहानलेली होती. सिमेंटच्या वाट्याचं पाणी ती पिऊन टाकी, आणि मिस्त्री अंदाजानं आणखी ओतत राही; त्यानं काँक्रीट कच्चं राही. मग शरदिनीनं गिट्टी धुतली, दिवसभर भिजवली, गोणपाटावर पसरून वरची ओल टिपली, आणि नंतरच मोजून पाणी घालून माल कालवला.

त्या मालाचे ठोकळे पाडल्याला आज अठ्ठाविसावा दिवस, काँक्रीटची ताकद तपासायचा. वार सोमवार, पोटात फक्त तीर्थ.

“पाणी पाजलंत, तर कचौडी-जलेबीही विचारायची होती ना गिट्टीला,” नरहर म्हणाला.

“विचारीन. तू चालव.”

काटा चढू लागला. तीस. चाळीस. पंचेचाळीस ओलांडूनही थांबेना. बावन्नला ठोकळा कडकन फुटला. दुसरा त्रेपन्नला, तिसरा एक्कावन्नला. नरहरनं हात जोडले. यंत्राला की ताईंना, कळलं नाही.

“शाळेला आजच होकार कळवा,” प्रयोगशाळेचे प्रमुख देवदत्त सर म्हणाले. “आणि शरदिनीबाई, वहीत या पद्धतीचं नाव काय लिहू?”

“आधी पाणी.”

सर हसले, आणि तेच लिहिलं.

संध्याकाळी शाळेच्या नळाखाली तिनं बादली भरली, पदर खोचला आणि अंगणासाठी निवडून ठेवलेल्या गिट्टीवर पाणी ओतलं. ढिगातून बारीक चुर्र आवाज आला.

ती दुसरी बादली भरायला वळली.