काढून टाकलेले आवाज

साउंडवाल्याने तिसरं गाणं लावलं आणि खुर्ची ताईंकडे वळवून तो शाबासकीची वाट पाहू लागला. ऐंशीच्या दशकातला हा सिंथ-पॉप अल्बम त्याला शाळेपासून तोंडपाठ होता. ताल यंत्राचा, सूर सिंथेसायझरचे, गाणाऱ्याचा गळासुद्धा यंत्रातून काढलेला. त्यात माणसाचा मागमूस नव्हता, म्हणूनच तर स्वारीचा त्यावर जीव. आता अल्बम नव्याने निघणार होता आणि साउंडवाल्याने महिनाभर खपून जुनी टेप लख्ख करून ठेवली होती.

ताई म्हणजे गाणाऱ्याची थोरली बहीण. अल्बम निघाला त्याच वर्षी भाऊ गेला.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "पण तो कुठंय?"

"कोण?"

"माझा भाऊ. या अल्बमच्या आमच्या घरच्या जुन्या रेकॉर्डवर ओळीच्या आधी त्याचा श्वास ऐकू येतो. खुर्ची करकरते. खरा आवाज कुठेच नाही हो त्याचा. तेवढंच काय ते आहे माझ्याकडे."

ते श्वास साउंडवाल्याने तांदळातले खडे निवडावेत तसे एकेक वेचून काढले होते.

"टाकलेलं नाहीये काही," तो घाईघाईने म्हणाला. "काढलेला कचरा वेगळा ऐकता येतो."

कचरा म्हणून गेल्यावर त्याने जीभ चावली आणि एक बटण दाबलं.

गाणं नाहीसं झालं. खरखर उरली. मग श्वास, मग करकर. ताई पुढे सरकून बसल्या. गाणं विरत जातं त्या शेवटच्या भागातली खरखर त्याने न ऐकताच सरसकट पुसली होती. तिथे पोहोचल्यावर त्याने आवाज वाढवला, आणि एक वैतागलेला, अगदी कोवळा आवाज खोलीत बोलला.

"ताई, आत ये नाहीतर बाहेर जा. दारात उभी राहू नकोस गं."

सिंथेसायझरच्या खाली हे चाळीस वर्षं दबून होतं. आणि साउंडवाल्याने ते पुसलं होतं.

ताई ताडकन उठल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"आले ना रे आत," त्या स्पीकरला म्हणाल्या, आणि उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या.

खरखर चालूच होती. ती बंद करायचा साउंडवाल्याला धीर होईना.