नाव न दिलेला मजकूर

बाबांचा लॅपटॉप चौदा वर्षांचा होता, आणि लॅपटॉपच्या जातीत चौदा वर्षं म्हणजे नव्वदी उलटली म्हणायची. त्याचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारी चिप, आजवर दोनदा गेलं होतं आणि दोन्ही वेळा मुलीनं गरम हवेच्या झोतानं भाजून त्याला परत आणलं होतं. चिपच्या पोटाखाली डाखाचे, म्हणजे सोल्डरचे, बारीक बारीक ठिपके असतात. ते तडकले की चित्र जातं, आणि भाजले की वितळून पुन्हा पकड घेतात. हा इलाज नव्हे, नुसती मलमपट्टी. दोन महिने चालेल, नाहीतर दोन तास. मुलीनं बाबांना नवा घ्या म्हणून शंभरदा सांगितलं होतं. "चालतोय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला?" हे बाबांचं ठरलेलं उत्तर.

मुलगी म्हणजे काही लहान पोर नव्हे, चाळिशी ओलांडलेली बाई. बाजाराच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, किल्ल्या करणाऱ्याच्या शेजारी तिचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि अख्खा मजला तिला डॉक्टरीण म्हणायचा. निदान पक्कं, बोलणं फटकळ. यंत्र घेऊन आलेल्या माणसाकडे ती आधी बघायचीच नाही, यंत्राकडे बघायची. माणसं खोटं बोलतात, यंत्राच्या आतला बोर्ड बोलत नाही, असं तिचं मत होतं.

बाबा छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर स्वतः लिहायला लागले, पण काय लिहितात ते कुणाला दाखवलं नाही. त्यांचा एक नियम मात्र घरात सगळ्यांना पाठ होता. मजकूर पुरा झाल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही. शीर्षक शेवटी. कागदावर हे ठीक होतं. लॅपटॉपवर नाव दिल्याशिवाय फाइल साठवली जात नाही, आणि बाबा लिहायचे ते एका अगदी साध्या, पाटीसारख्या प्रोग्राममध्ये, जो आपणहून काहीच जपून ठेवत नाही. म्हणून बाबा लिहून झालं की नुसतं झाकण मिटायचे. यंत्र झोपायचं, कडेचा छोटा दिवा मंद उघडमीट करत राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की मजकूर जागच्या जागी. असं महिना महिना चालायचं.

"एक दिवस वीज जाईल आणि बसाल बोंबलत," मुलगी म्हणायची.

"बॅटरी आहे की."

"अर्धा तास टिकते ती!"

"अर्ध्या तासात वीज येते."

पालथ्या घड्यावर पाणी. मुलीनं सांगणं सोडून दिलं.

बारा दिवसांपूर्वी सकाळी बाबा लिहिता लिहिता आईला म्हणाले होते, "संपत आलंय. संध्याकाळी तुला वाचून दाखवीन." आई हातातलं काम टाकून बघत राहिली. एक्कावन्न वर्षांच्या संसारात या माणसानं तिला सामानाची यादीसुद्धा वाचून दाखवली नव्हती. दुपारी बाबा खुर्चीतून कलंडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू येतं, कळतं सगळं, फक्त शब्द परत येतील याची खात्री देता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मुलगी, दुसऱ्या मजल्याची डॉक्टरीण, रडली नाही. तिनं फॉर्मवर सह्या केल्या, औषधं आणली, हॉस्पिटलच्या बाकावर झोपली, आलेल्यागेलेल्यांना तीच चार वाक्यं ऐकवली. दाढेला भूल दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तशी ती अख्खीच झाली होती. दहाव्या दिवशी बाबांना घरी आणलं. बाराव्या दिवशी तिनं दुकान उघडलं, कारण घरी बसून करायचं काय हे तिला सुचेना. हात सवयीनं चालत होते. त्या हातांची मालकीण कुठे होती ते तिलाही ठाऊक नव्हतं.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला आई जिना चढून धापा टाकत आली. छातीशी टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप.

"घे लवकर! अर्धाच तास टिकतो म्हणतात ना हे, म्हणून टॅक्सीच केली. तरी पुलावर अडकले. शेजारणीला बसवून आलेय त्यांच्याजवळ."

"झालंय काय त्याला?" फोन कानाला लावूनच डॉक्टरणीनं विचारलं. पलीकडे एक गिऱ्हाईक आपल्या प्रिंटरचं गाऱ्हाणं गात होतं.

"उभ्या रेघाच रेघा. त्या दिवशी ते पडले ना, तेव्हा मी बघितलं तर पडद्यावर नुसत्या रेघा. मग मी तसंच झाकण मिटलं. बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. तुझ्या मामानं त्याला लावलेला चार्जर मागितला, तोही नाही दिला."

"हं."

"त्यातलं मला वाचायचंय गं. ते म्हणाले होते, वाचून दाखवतो म्हणून."

"हं," डॉक्टरीण म्हणाली, आणि फोनवर म्हणाली, "कागद उलटा घालून बघा." बोलता बोलता तिच्या हातांनी टॉवेल सोडला, लॅपटॉप पालथा केला, दोन खिट्या सरकवून बॅटरी काढली आणि चालू करायचं बटण दाबून धरलं. मनात तीस आकडे. दुरुस्तीवाले कुठल्याही यंत्राशी पहिल्यांदा हेच करतात. उरलीसुरली वीज काढून टाकायची आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची. निम्मी दुखणी त्यातच बरी होतात. ती गेली वीस वर्षं दिवसाला दहादा हेच करत आली होती, त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"दिवा विझला की गं," आई म्हणाली.

"विझणारच. बॅटरी काढली ना."

आईला वाटलं, हिला माहीत असणार. ती टॉवेलाची घडी घालून, संध्याकाळी घेऊन ये म्हणून सांगून गेली.

डॉक्टरणीनं फोन ठेवला आणि कामाला लागली. बॅटरी घालून बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा काळाच, आणि आतून शिट्ट्या आल्या: एक लांब, दोन आखूड. यंत्राच्या भाषेत याचा अर्थ, चित्र काढणारा सापडत नाही. तिनं बाहेरचा मॉनिटर जोडला, तोही काळाच. म्हणजे दोष पडद्यात नाही, केबलमध्येही नाही. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, जागा बदलून बसवल्या. एक लांब, दोन आखूड. पाठ उघडून पंख्यातला धुळीचा नमदा काढला. चिपवरचा लेप वाळून खडखडीत झाला होता, तो खरवडला, नवा लावला. तेच.

शेवटी ती डिस्क काढून स्वतःच्या यंत्राला जोडायला गेली. खरं तर हे आधीच करायचं. आईला मजकूर हवा होता, लॅपटॉप नव्हे, आणि मजकूर डिस्कवर असतो, कार्डावर नाही. बाबांच्या कप्प्यात एकोणीस फाइली होत्या, प्रत्येकीला नीटस शीर्षक. छापखान्यातल्या आठवणी, शुद्धलेखनावरची टिपणं, सोसायटीच्या टाकीबद्दल तक्रारअर्ज. सर्वांत ताजी फाइल तीन महिन्यांपूर्वीची. त्यानंतरचं काही नाही.

तेव्हा तिचं डोकं जागं झालं. पुरा झाल्याशिवाय नाव नाही. नाव नाही तर फाइल नाही. मजकूर झोपलेल्या यंत्राच्या, वीज आहे तोवरच टिकणाऱ्या मेमरीत होता, तो जिवंत आहे एवढं सांगायला तो दिवा उघडमीट करत होता, आणि आई तो दिवा छातीशी धरून शहर ओलांडून आली होती. आईला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, तिनं बारा दिवस तो मजकूर सांभाळला. डॉक्टरणीनं तीस आकड्यांत घालवला.

तिनं वाट पाहिली, आता काहीतरी वाटेल म्हणून. काही वाटलं नाही. शेजारी किल्ली घासल्याचा आवाज येत होता, तो तिनं ऐकला.

एक आशा होती, काडीएवढी. काही यंत्रं झोपताना मेमरीची एक प्रत डिस्कवर लिहून ठेवतात. तशी सोय चालू करावी लागते. हा लॅपटॉप तिनंच लावून दिला होता, पण ती सोय तेव्हा चालू केली होती की नाही, हे काही केल्या आठवेना. शिवाय अशी प्रत दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नाही. एकच मार्ग होता. डिस्क परत घालायची आणि हेच यंत्र, याच कार्डासकट, उठवायचं. म्हणजे चिप तिसऱ्यांदा भाजायची. तिसऱ्यांदा भाजलेली चिप बहुधा कायमचीच जाते.

तिनं बोर्ड बाहेर काढला, आजूबाजूचे भाग चकचकीत कागदानं झाकले आणि गरम हवेचं नळकांडं हातात घेतलं. आधी लांबून, मग जवळून, गोल गोल. किल्लीवाला डोकावून म्हणाला, "काय डॉक्टरीणबाई, आज शेकशेगडी?" एरवी तिनं त्याला सोडला नसता. आज नुसती मान हलवली. बोर्ड निवेपर्यंत ती स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली. मग सगळं जोडलं आणि बटण दाबलं.

शिट्टी झाली नाही. पडदा उजळला, आणि एकही रेघ नव्हती. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत यंत्रानं कळवलं की मागच्या वेळी ते नीट बंद केलं गेलं नव्हतं. मग नव्यानं सुरू झालं, कोरं करकरीत. तिनं बाबांचा तो पाटीसारखा प्रोग्राम उघडला. पांढरा पडदा आणि उघडझाप करणारी एक उभी रेघ.

तिच्या हातून इतकी सुरेख चिप आजवर भाजली गेली नव्हती.

घरी जाताना तिनं रस्ताभर मजकूर रचला. दहा-बारा ओळी पुरेत. तू होतीस म्हणून मी होतो, असं काहीतरी. बाबांची भाषा तिला माहीत होती: लहान वाक्यं, उद्गारचिन्ह नाही. आई डोळे पुसेल, घडी घालून कपाटात ठेवेल, आणि कुणाचं काही बिघडणार नाही. दारात पोचेपर्यंत पहिल्या चार ओळी पाठसुद्धा झाल्या होत्या.

आईनं चष्मा पुसून तयार ठेवला होता. आणि खुर्ची मांडली होती ती बाबांच्या पलंगाला लागून. "त्यांच्यासमोरच वाच," ती म्हणाली. "त्यांनाही ऐकू दे, बरोबर वाचतेस का ते."

बाबा उशीला टेकून बसले होते. तोंड एका बाजूला उतरलेलं, डोळे मात्र तेच, प्रूफ तपासणारे. त्या डोळ्यांसमोर त्यांच्या नावानं खोटा मजकूर वाचायची तिची छाती होईना.

"मजकूर गेला, आई. मीच घालवला. तू आणलास तेव्हा तो होता आत. मी बॅटरी काढली."

आई म्हणाली, "दिवा विझला म्हटलं होतं मी तुला."

"हो."

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"मलाच ठाऊक असायला हवं होतं."

आईनं चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू आता काहीतरी वाचायचंच आहे, आणि खुर्ची नवऱ्याकडे वळवली. "मग तुम्हालाच विचारते. मान हलवा. पत्र होतं?"

बाबांनी मान हलवली. हो.

"मला?"

हो.

डॉक्टरीण कोपऱ्यात उभी होती. आईच्या आवाजात लग्नाच्या मुलीसारखं काहीतरी आलं होतं आणि ते ऐकवत नव्हतं.

"चांगलं लिहिलंय ना माझ्याबद्दल?"

बाबा बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश, पण स्पष्ट, मान आडवी हलवली.

आईचा हात मांडीवरून पदराकडे गेला आणि तिथेच थांबला. "रागानं लिहिलं होतं?"

हो.

"आत्ताचा राग?" नाही. "जुना?" हो. आई खाली बघत होती. पुढचा प्रश्न तिनं इतक्या हळू विचारला, की डॉक्टरणीला तो ओठांवरून कळला. "मी गेले होते तेव्हाचा? त्या चार महिन्यांचा?"

बाबांनी मान हलवली नाही. डोळे मिटले, आणि डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

डॉक्टरीण तेव्हा सहा वर्षांची होती. आजी आजारी आहे म्हणून आई तिकडे गेलीय, असं तिला सांगितलं होतं, आणि पस्तीस-छत्तीस वर्षं ती तेच धरून चालली होती. त्या चार महिन्यांतलं तिला एवढंच आठवत होतं, की बाबा वेणी घालायचे आणि भांग रोज वाकडा पडायचा. शाळेतल्या मुली हसायच्या. एक दिवस ती बाबांवर ओरडली होती, तुम्हाला काही येत नाही म्हणून. बारा दिवस न आलेलं रडू आता आलं आणि तिनं ते थोपवलं, कारण या खोलीत आज तिच्या रडण्याला जागा नव्हती.

"मला वाटलं होतं, विसरलात," आई म्हणाली. "परत आले तेव्हा एका शब्दानं विचारलं नाहीत. म्हटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे."

बाबांनी डोळे उघडले.

"शेवटी काय लिहिलंत? माफ केलं म्हणून?"

बाबा हलले नाहीत.

"नाही केलं?"

तरी हलले नाहीत. आईनं पुढे वाकून त्यांचा चांगला हात हातात घेतला. तपासनीस नवऱ्याच्या इतक्या वर्षांच्या सहवासात तीही थोडंफार शिकली असावी. नेमका प्रश्न सापडेपर्यंत ती थांबली.

"शेवट लिहायचाच राहिला होता?"

हो.

"काय लिहायचं, ते ठरलं नव्हतं?"

हो. बाबांनी दोनदा मान हलवली.

आईनं त्यांचं तोंड पदरानं पुसलं, मग डोळा पुसला. उशी नीट केली आणि खुर्ची आणखी वीतभर पुढे ओढली.

"सावकाश ठरवा," ती म्हणाली. "आता मी कुठे जात नाही."