फाटक पाचला बंद

विमान चुकलं ते आपल्या हाताने, हे वहिनींनी मुलाला काही सांगितलं नाही. फोनवर एवढंच म्हणाल्या की इथली घड्याळं धड नाहीत.

वहिनी म्हणजे नाक्यावरच्या वहिनी. दोन देशांच्या हद्दीवर, फाटकाला लागून त्यांचं घर. पुढची खोली प्रवाशांची, मागची चुलीची. पलीकडून शिक्का मारून आलेल्या आणि पलीकडे निघालेल्या माणसाला पुढची बस, जीप, मिळेल ती गाडी लावून द्यायची हा नवऱ्याचा धंदा, आणि गाडी येईपर्यंत त्या माणसाच्या चहा-जेवणाचं बघायचं ते वहिनी आणि त्यांची नणंद. बावीस वर्षं हे चाललं. वहिनींची शाळा दुसरीत सुटली होती, पण कुठल्या कागदाला कुठला शिक्का, कुठली बस कुठे किती थांबते, कुठल्या साहेबाला हसून विचारायचं आणि कुणापुढे मान खाली घालायची, सगळं तोंडपाठ. शिकलेली माणसं टाय लावून चुलीपाशी यायची आणि विचारायची, "वहिनी, आता पुढे कसं?"

ज्यांना पाटी वाचता येत नाही त्यांच्यासाठी घरची एक रीत होती. सासूबाईंनी घालून दिलेली. जितक्या गाड्या बदलायच्या तितक्या गाठी माणसाच्या रुमालाला मारायच्या. एका गाडीतून उतरलं की एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की पोचलात. वहिनी वर दम भरायच्या, "डोक्याचं ऐकू नका, गाठीचं ऐका. प्रवासात डोकं भरकटतं."

मग नदीवर पूल झाला आणि गाड्या न थांबता पार जायला लागल्या. फाटक पायी येणाऱ्यांपुरतं उरलं. नवरा गेला, मुलाने वहिनींना आपल्याकडे परदेशात नेलं. नणंदबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. परवा त्यांचा फोन आला. घर रस्त्यात जातंय, शनिवारी सकाळी पाडणार, बघायचं असेल तर शुक्रवारी ये. बस, एवढंच. नणंदबाईंचं बोलणं पहिल्यापासून तारेसारखं, शब्दाला पैसे पडल्यागत.

मुलाने बसल्या जागी सगळं ठरवून दिलं. एक विमान, मध्ये पाच तासांचा मुक्काम, दुसरं विमान, मग शुक्रवारची बस. तीन गाड्या, तीन गाठी. चाकाची खुर्ची आणि ती ढकलायला माणूसही सांगून ठेवला होता. त्या माणसाला वहिनींनी पहिल्याच दाराशी परत पाठवलं. आपण काय लोणच्याची बरणी आहोत, कुणी उचलून ठेवायला?

इथेच घोळ झाला. मधल्या विमानतळावर उतरल्यावर त्यांनी पहिली गाठ सोडली. तिथून दुसऱ्या इमारतीत जायला एक छोटी आगगाडी होती, विनाड्रायव्हरची. वहिनी त्यातून उतरल्या आणि गाडी बदलली म्हणून रीतीप्रमाणे दुसरी गाठ सोडली. उरली एक. म्हणजे आता बस. मनात एकदा आलं की विमान तर एकच झालं. पण रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, आणि डोक्याचं ऐकायचं नाही हे त्यांनीच जगाला शिकवलेलं. त्या बस शोधायला बाहेर जाणाऱ्या रांगेत उभ्या राहिल्या. रांग मारुतीच्या शेपटासारखी. काचेमागच्या साहेबापर्यंत पोचेतो मुक्काम संपला. साहेबाने पासपोर्ट उलटापालटा केला आणि सांगितलं की या देशात शिरायचा तुमच्याकडे कागद नाही, आणि तुमचं विमान तर आत्ताच उडालं.

वहिनींनी रुमालाकडे पाहिलं आणि तो कमरेला खोचून टाकला.

तिकिटाच्या खिडकीवरची पोरगी गोड होती, पण उत्तर कडू. पुढचं विमान उद्या याच वेळेला. म्हणजे बस शनिवारची. म्हणजे पोचायचं शनिवारी संध्याकाळी, विटांच्या ढिगाला नमस्कार करायला.

वहिनी खिडकी सोडेनात. मागच्या लोकांनी घसे खाकरले तरी ढिम्म. त्यांनी डोळे मिटले आणि बावीस वर्षांत लोकांना सांगितलेले रस्ते एकेक करून आठवले. मग विचारलं, शेजारच्या देशात, आमच्या फाटकाच्या पलीकडे जे गाव आहे, तिथे विमान जातं का? पोरगी म्हणाली, जातं, संध्याकाळी निघून पहाटे पोचतं, पण तो देश वेगळा, व्हिसा लागेल. वहिनींना बरं वाटलं. अखेर कुणीतरी त्यांच्या अंगणात आलं होतं.

"आमच्या पासपोर्टला लागत नाही, बाळ. शेजार आहे तो. पुढे जायचं कसं तेवढं दाखवावं लागतं. बघ तुझ्या यंत्रात, नाहीतर मोठ्यांना विचार."

पोरीने दोन्ही केलं. दोन्हीकडून तेच आलं. तिकीट बदलून मिळालं, आणि सामान एका पिशवीचं असल्यामुळे कुठे काही अडलं नाही.

पहाटे त्या गावाच्या विमानतळावर तरुण साहेबाने विचारलं, "पुढची गाडी कुठली?" हा प्रश्न वहिनींनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं, "फाटकापर्यंत जीप, पुढे पायी." साहेबाच्या यंत्रात पायी नव्हतं. बस होती, आगगाडी होती, बोट होती. त्याने तीनदा शोधलं. शेवटी केस पिकलेला एक वरचा साहेब उठून आला, त्याने वहिनींना नीट पाहिलं आणि म्हणाला, फाटक चालू आहे अजून, पाचला बंद होतं. वहिनी म्हणाल्या, ते मला सांगताय?

जीप भरायला दुपारचे बारा वाजवले ड्रायव्हरने. जीपवाल्यांची ती खोड काही गेली नव्हती. शेवटचं माणूस दारात लटकेस्तोवर चाक हलायचं नाही.

वहिनी या रस्त्याने कधीच आल्या नव्हत्या. तोंडाने हजारदा आल्या होत्या. कुठे पाणी चांगलं, कुठे लघवीला थांबतात, कुठला पोलीस खवट. आता एकेक ठिकाण समोर येत होतं आणि लग्नात पहिल्यांदा भेटलेल्या सोयऱ्यांसारख्या त्या ओळख पटवून घेत होत्या. घाटातल्या चौथ्या वळणाला डोळे मिटून बसा, पोटात ढवळतं, असं त्यांनी प्रत्येकाला बजावलं होतं. चौथं वळण आलं. वहिनींनी डोळे उघडे ठेवले. खाली अख्खी नदी पसरलेली, मध्ये वाळूची बेटं, पलीकडे हिरवंगार. सगळ्या रस्त्यात एवढी एकच जागा बघण्यासारखी, आणि तिथेच आपण जगाला डोळे मिटायला लावले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. शेजारणीला वाटलं, ढवळतंय. तिने लिंबू पुढे केलं.

फाटकाशी पोचल्या तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. या बाजूचा शिक्का, मग मधला दोनशे पावलांचा रस्ता, मग त्या बाजूचा शिक्का. एवढी माणसं इकडून तिकडे धाडली, पण फाटक स्वतः ओलांडायची ही पहिलीच खेप. रांगेत कुणी नव्हतं.

घर उभं होतं. दारं-खिडक्या काढून नेलेल्या, पण भिंती उभ्या. नणंदबाई ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "बस तर कधीच गेली. मला वाटलं आता येत नाहीस."

"चालत आले, वन्सं."

वहिनी सवयीने मागच्या अंगाला, चुलीकडच्या दाराकडे वळल्या. नणंदबाईंनी हाताला धरून थांबवलं. "तिकडून कुठे? फाटकातून आलेलं माणूस पुढून येतं."

मग वहिनी पुढून आल्या. प्रवाशांचं बाकडं अजून भिंतीत रोवलेलं होतं. त्यावर त्या आयुष्यात कधी टेकल्या नव्हत्या, वेळ कुणाला होता? आता टेकल्या, आणि समोर बघतात तर मधल्या दाराच्या चौकटीतून अख्खी चूल दिसत होती. चूल, मांडणी, दोघींची बसायची जागा, सगळं.

"वन्सं, म्हणजे आपण भांडायचो ते इथून दिसायचं?"

"दिसायचं. ऐकूही यायचं."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? कित्येक माणसं त्यापायी बस सोडायची. भाऊ लोकांना म्हणायचा, दोघींना सांगू नका, थांबलेल्यांमुळे जेवणाची ताटं जास्त खपतायत."

नणंदबाई शेजारी येऊन बसल्या. बाकडं दोघींना थोडं अपुरं होतं. चुलीवर पलीकडच्या खिडकीच्या भोकातून ऊन आलं होतं, आणि दोघी जणी काही सुरू व्हायची वाट बघितल्यासारख्या तिकडे बघत राहिल्या.