तिन्हीसांजेचं विरजण

यामिनीचे जंतू भलतेच खाष्ट होते. हवा लागली की मरायचे, एकेकटे वेगळे काढले की रुसून बसायचे. पण दहाबारा जातींचा गोतावळा चिखलात एकत्र नांदला, की ड्रायक्लीनिंगच्या विषारी द्रावणाचा चट्टामट्टा करायचे. शिकागोच्या विद्यापीठात सहा वर्षं तिने यांचेच लाड पुरवले होते. २००४च्या वसंतात एका बंद लाँड्रीखालच्या जमिनीत ते सोडायची परवानगी मिळाली, तेव्हा बाई लॅबमध्ये चक्क नाचल्या. सप्टेंबरात प्रयोग. साधला तर नोकरी कायम, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

या आनंदातच घोटाळा झाला. जमिनीसाठी पिंपभर जंतू वाढवायचे म्हणून तिने सगळ्या बाटल्या पिंपात ओतल्या. विरजणापुरतं बाजूला काढल्याशिवाय दह्याचं भांडं रिकामं करू नये, असं आईने जन्मभर बजावलेलं. एवढी शिकलेली बाई नेमकं तेच विसरली! सोमवारी तिचा विद्यार्थी अंकुर धापा टाकत आला. झाकणातून हवा शिरली होती. हवा लागली की गुलाबी होणारा रंग तिनेच त्यात घातलेला, आणि आता अख्खं पिंप लग्नातल्या सरबतासारखं दिसत होतं.

मूळ चिखल ज्या तळ्यातला, ते बुजवून तिथे पार्किंग लॉट झाला होता.

"यामिनीताई, आपल्या जंतूंचं कल्चर कुणाला दिलं होतं का?" अंकुरने विचारलं.

दिलं होतं, पण जिवावर येऊन. प्रताप कॅलिफोर्नियात याच विषयावर काम करायचा, तिचा कट्टर प्रतिस्पर्धी. दोन वर्षांपूर्वी एका कॉन्फरन्समध्ये संध्याकाळी त्याने एक बाटली मागितली. तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने आईचीच पळवाट काढली: तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत. पठ्ठ्या पुण्याचा! सकाळी नाश्त्याला तिच्या टेबलाशी हजर, म्हणे आता उजाडलं. घरी परतल्यावर बाटली पाठवावीच लागली.

तिने प्रतापला फोन लावला तेव्हा दिवेलागण झाली होती. तिने काही लपवलं नाही, गुलाबी पिंपसुद्धा. तो नुसता गप्प बसला तरी तिचं मैदान त्याला मोकळं होणार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तिकडे तिन्हीसांज झाली असेल ना?" प्रताप म्हणाला.

"झाली."

"माझ्याकडे अजून लख्ख ऊन आहे. कुरिअर गाठतो. ठेव फोन."

दुसऱ्या दिवशी बाटली आली. गुलाबीचा मागमूस नव्हता. तिने थोडं थोडं विष चारलं आणि जीव मुठीत धरून विष मोजणाऱ्या मशीनपुढे बसू लागली. आलेखातला विषाचा उंचवटा आधी ढिम्म, मग जरासा खचला, आणि जुलैतल्या एका दुपारी सपाट! यामिनीला रडू आणि हसू एकदमच फुटलं. अंकुर नुसता "खाल्लं यार, सगळं खाल्लं" म्हणत राहिला.

लगेच पिंप भरायला निघालेल्या अंकुरला तिने थांबवलं. आधी विरजण. एक बाटली कपाटात, एक प्रतापला परत, आणि एक टेक्सासच्या नीलांबरीला. ती कधीपासून मागत होती आणि यामिनी तिच्या इमेलला उत्तरच देत नव्हती.

बाटल्या भरून होईपर्यंत बाहेर दिवे लागले. कॉन्फरन्सचा किस्सा अंकुरला आता तोंडपाठ होता.

"ताई, नीलांबरीची उद्या सकाळी पाठवू?"

"आत्ताच दे," यामिनी म्हणाली.