पाठीमागे फिरवलेले कार्ड

वाचकहो, ज्याने आयुष्यभर परक्या मुलांना "काय दिसतं?" एवढा एकच प्रश्न विचारला आणि स्वतःच्या घरी मात्र तो विचारताना चूक केली, अशा एका मनुष्याची हकीकत येथे सादर होत आहे. हकीकत लहान आहे. परंतु तीत एका बालिकेचा डावा डोळा पणास लागलेला असल्यामुळे ती सावकाश वाचावी, अशी नम्र विनंती आहे.

"हाताने नको, या पळीने झाक," डोळ्यांच्या दवाखान्यातले छडीकाका म्हणाले. "बोटांच्या फटीतून बघणारे चोर मी खूप पाहिलेत."

समोरच्या उंच स्टुलावर एक सात वर्षांची मुलगी बसली होती. तिने काळी झाकणी उजव्या डोळ्यावर धरली आणि ती अक्षरे वाचू लागली. ही झाकणी दांड्याच्या पळीसारखी असल्याने दवाखान्यात सर्वजण तिला पळीच म्हणत.

"काका, शेवटची ओळ मुंग्यांची आहे का हो?"

"मुंग्या दिसल्या ना? मग पास! आईला सांग, अभ्यास न करण्याचं कारण डोळे नाहीत."

आई हसली, मुलगी उतरली आणि खोली पुन्हा शांत झाली.

ती खोली वीस फूट लांब व अगदी अरुंद होती. पडदे ओढलेले असत आणि दूरच्या टोकास तेवढी एक अक्षरे उजळणारी प्रकाशाची पेटी तेवत असे. बाहेरच्या बाकावर डोळ्यांत थेंब घातलेली मुले पापण्या मिटून ओळीने बसलेली असत, जणू भर दुपारी कोणी सर्वांना एकच स्वप्न वाटून दिले आहे. छडीकाकांना कधी कधी वाटे, की अक्षरे आपली जागा सोडून हळूहळू तरंगत आपल्याकडे येत आहेत. एकतीस वर्षे त्यांनी छडीच्या टोकाने ती अक्षरे दाखवली होती. त्या छडीने आजवर कोणाला मारले नव्हते, तरीही तिचेच नाव त्यांना चिकटले होते.

"पुढचा," त्यांनी हाक दिली.

पडदा सारून त्यांची स्वतःची मुलगी आत आली. तिच्या कडेवर चार वर्षांची चिंगी होती.

"तू? फोन तरी करायचा!"

"फोन केला असता तर तुम्ही रजा काढली असती, बाबा."

ते खरे होते.

येथे मागची गोष्ट सांगणे भाग आहे. छडीकाकांची ही मुलगी तीन वर्षांची असताना दवाखान्यात प्रकाशाची पेटी आली आणि जुना पुठ्ठ्याचा तक्ता निकामी झाला. छडीकाकांनी तो हौसेने घरी नेऊन पलंगासमोर टांगला. मुलगी त्यावरच अक्षरे शिकली. पाहुणे आले की छडीकाका तिचा एक डोळा झाकत, मग दुसरा झाकत, आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवी. "नजर आहे की काय! घार आहे आमची घार!" असे म्हणून ते तिला डोक्यावर घेत. पुढे तिचे नावच घारू पडले. पेटीतही अक्षरे त्याच क्रमाने होती. त्यामुळे दवाखान्यातील प्रत्येक तपासणीत घारू पहिली येत असे.

घारू दहा वर्षांची असताना तिच्या उजव्या डोळ्यात कचरा गेला व एक दिवस त्यावर पट्टी बांधावी लागली. त्या दिवशी भर दुपारी ती दारावर आपटली आणि म्हणाली, "बाबा, दिवा लावा ना."

डावा डोळा दिसण्यात निर्दोष होता, परंतु मेंदूने त्याच्याकडून काम घेणेच सोडून दिले होते. त्या वेळचे डॉक्टर एवढेच म्हणाले, "पाच-सहाव्या वर्षी कळलं असतं तर बरंच परत आणता आलं असतं." उपचार झाले, पण फारसा उपयोग झाला नाही. छडीकाकांच्या मनात मात्र ते वाक्य कायमचे घर करून राहिले.

त्यानंतर त्यांनी लहान मुलांसाठी एक जाड कार्ड बनवले. त्यावर तीन पायांचे एक काळे टेबल काढलेले होते. कार्ड हातात फिरवावे आणि पाय कोणीकडे आहेत ते विचारावे. ते पाठ करता येत नव्हते. आपल्या कार्डास कोणी फसवू शकणार नाही, असा त्यांना अभिमान होता.

"दुसरं कोणी तपासेल हिला," ते म्हणाले.

"नाही. तुम्हीच तपासा."

चिंगीला स्टुलावर बसवून ते कार्ड घेऊन वीस फूट चालत गेले. त्या दिवशी ते अंतर संपता संपेना. उजवा डोळा उत्तम निघाला.

"टेबलाचे पाय कुठं?"

"वर! आजोबा, तुमचं टेबल पालथं पडलं!"

मग पळी उजव्या डोळ्यावर गेली. छडीकाकांनी श्वास रोखून कार्ड फिरवले.

"आता?"

चिंगीने मान किंचित वाकडी केली. "खाली."

"बरोबर! आता?"

"तिकडे, दाराकडे."

"बरोबर! आता?"

"वर."

"बरोबर! शाब्बास माझी—"

तोच जुना शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. इतक्यात अंधारातून घारूचा आवाज आला.

"बाबा, कार्ड पाठीमागे फिरवा."

"का?"

"ती कार्ड बघत नाहीये. तुमचं कोपर बघतेय. जिकडे कोपर वळतं, तिकडे पाय."

छडीकाकांनी कार्ड पाठीमागे नेले, फिरवले व स्थिर करून पुढे धरले.

चिंगीने मान आणखी वाकडी केली. मग ती म्हणाली, "आजोबा, तुम्हीच सांगा ना. तुम्हाला तर दिसतंय."

तो आवाज त्यांना वीस फुटांवरून नव्हे, तर वीस वर्षांपलीकडून आल्यासारखा वाटला. ते घारूजवळ येऊन बसले.

"तुला कसं कळलं?"

"मीही तेच करायचे. तक्ता पाठ होता, तरी तुम्ही मधलंच अक्षर विचारलंत की मी छडी कुठवर गेली ते बघायचे."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? डाव्या डोळ्याने दिसत नाही ते?"

"सगळ्यांनाच एका डोळ्याने कमी दिसतं, असं वाटायचं." ती म्हणाली. "आणि तुम्ही घार म्हणालात की मला डोक्यावर घ्यायचात, बाबा. तिथून सगळं छान दिसायचं."

छडीकाकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. तो स्वच्छच होता.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून चिंगीचे डोळे तपासले. "दोन डोळ्यांच्या नंबरांत बराच फरक आहे," त्या म्हणाल्या. "आधी चष्मा, मग रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी. कंटाळेल, रडेल, तरी सोडायचं नाही. काका, तुम्ही वेळेत पकडलंत."

"मी नाही," छडीकाका म्हणाले. "हिने पकडलं."

संध्याकाळी खोली रिकामी झाली. पळी मात्र चिंगी सोडीना. ती उजव्या डोळ्यावर धरून ती स्टुलावर बसली होती.

"आजोबा, तुम्ही ढग झालात."

"असू दे. सावकाश होईन आजोबा."

ते पेटीजवळ उभे होते. त्यांच्या मुलीनेही चिंगीशेजारी उभी राहून आपला उजवा डोळा तळव्याने झाकला. त्या दोघींना तशा पाहून छडीकाकांना आपला नेहमीचा प्रश्न विचारवेना. त्यांनी छडी भिंतीस टेकवून ठेवली आणि ते एकेक पाऊल टाकीत त्यांच्याकडे निघाले.

पाचव्या पावलावर चिंगी ओरडली, "आता आजोबा!"

मुलीला मात्र ते ओळखू आले नाहीत. ते आणखी जवळ आले, हात लांब केला तर लागेल इतके जवळ. तिने तळवा अजूनही काढला नव्हता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमचं वरचं बटण तुटलंय."

त्यांनी गळ्याशी हात नेला. बटण खरोखरच तुटलेले होते.

ही हकीकत येथे पुरी झाली. आपण ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. चिंगीचा चष्मा याच हातांनी बसवला, म्हणून लिहिण्याचे धाडस केले.

आपला नम्र,
दवाखान्याच्या तळमजल्यावर चष्मे दुरुस्त करणारा, सर्वांचा 'काडीवाला'