दिवसाला दोन पेले

सगुणाने शहाळं परत गोटीरामच्या हातात कोंबलं.

“घरी न्या, भावजी. पोरांना द्या.”

गोटीराम तिचा चुलतदीर. तो उंबऱ्यातच थबकला. “अगं, आजारी मानसाला भेटाय आलोय. रिकाम्या हातानं येऊ?”

“रिकामेच या. पन शहाळं नको.”

आत खाटेवर हिरामणने ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. सगुणा नवऱ्याला तहानलेला ठेवते, असा सारसोळे गावभर बभ्रा झाला होता. लोकांचं काय, जिभेला हाड नसतं!

हिरामणला रक्ताचा कॅन्सर होता. मुंबईच्या इस्पितळात दर आठवड्याला इंजेक्शन घ्यायला जावं लागे. तिसऱ्या इंजेक्शननंतर तो बरळायला लागला, मग झटके आले. रक्त तपासलं तर त्यातलं मीठ पार खाली गेलेलं. गावाची मिठागरं बुजवून नवं शहर उभं राहीपर्यंत ज्याने मीठच ओढलं, त्याच्याच अंगात मीठ नाही! काय म्हणावं ह्या नशिबाला?

डॉक्टर नंदिनी यांनी सगुणाला समोर बसवून समजावलं होतं. पेशीच्या आत बारीक दोऱ्या असतात. हे औषध त्या मोडतं, म्हणून कॅन्सरची पेशी वाढू शकत नाही. पण पेशीतलं हार्मोन बाहेर जातं तेही ह्याच दोऱ्यांवरून. त्या मोडल्या की बऱ्याच ठिकाणी ते आतच अडकून पडतं. मेंदूतल्या एका जागी मात्र उलटंच होतं, तिथून नको तितकं सुटतं आणि लघवी अडवतं. मग पाणी अंगातच साठतं, मीठ पातळ होतं.

“आत्ता पाणी म्हणजे त्यांना विष,” डॉक्टर म्हणाल्या. “दिवसाला दोन पेले. घोटभरही जास्त नको.”

“आनि मागितलं तर?”

“मागणारच. तुम्ही घट्ट राहा.”

सगुणा घट्ट राहिली. माठ तिने शेजाऱ्यांच्या घरी नेऊन ठेवला. सासू वेणूबाई कडाकडा बोटं मोडायची.

“मरनाऱ्याच्या तोंडातपन पानी घालतात गं! माझा पोर तर जिता हाय.”

“जिता राहावा म्हनूनच ना, आये.”

हिरामण आधी शिव्या द्यायचा. एक दिवस त्याने हात जोडले. “सगुणे, पाया पडतो. एक घोट.” ती परसदारी गेली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. पाणी दिलं नाही. झटका पुन्हा आला नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं.

“ते इंजेक्शन आता बंद करतोय.”

सगुणाचा जीव भांड्यात पडला. “गुन आला ना?”

“नाही हो. रोग दादच देत नाही.”

“मग दुसरं काय?”

“होतं ते सगळं देऊन झालं.” डॉक्टरांनी फाईल मिटली. “गेल्या इंजेक्शनचा असरही उतरलाय, रक्तातलं मीठ जागेवर आलंय. आता पाण्याचं बंधन नाही. मागतील ते द्या त्यांना.”

बाहेर बाकावर हिरामण वाट बघत होता.

“काय बोलली डाक्टरीन?”

“पानी प्या बोलल्या. पायजे तेवढं.”

तो भिंत धरत नळाशी गेला. ओंजळीने प्यायला, गळ्यावरून, सदऱ्यावरून पाणी वाहू दिलं, आणि खदखदून हसला. सगुणा मागे उभी राहून बघत होती.

घरी वेणूबाईने आधी लेकाची आणि मग सुनेची अलाबला घेतली. “बरा झाला गं माझा पोर! नाय नाय ते बोलले मी तुला. तूच वाचवलास त्याला.” आणि आळीभर सांगत सुटली.

हिरामणने आपला भरलेला पेला सगुणापुढे धरला.

“घे, तू पी आधी.”

“मला कशाला?”

“मला काय दिसत नव्हतं? मी दोन पेले, तर तूपन दोनच. आता संपलं ना सगलं. पी.”

सगुणाने पेला तोंडाला लावला. तो बघत होता, म्हणून तिने सगळं पाणी संपवलं.